पाय आपटणारी सून

“सकाळपासून अकरा,” ताटावर बसता बसता मी जाहीर केलं.

“बारा,” आई म्हणाली. “तू न्हाणीत होतीस तवा एकदा आपटला. तुझं लक्षच नसतंय.”

आम्ही मोजत होतो ते माझ्या भावजयीचं पाय आपटणं. कस्तुरी तिचं नाव, माहेर निपाणीचं. लग्नाला दोन वर्षं झालेली, कडेवर पाच महिन्यांचा वैजू, आणि गेला महिनाभर ही बाई घरात पाय आपटत चालत होती. खोलीत शिरताना धप्प. दुधाची वाटी घेऊन आली की धप्प. वैजूला उचलायच्या आधी तर दोनदा, धप्प धप्प. तोंडानं मात्र एक शब्द नाही. विचारलं तर मान खाली.

“सकाळच्या आमटीत मीठ जास्त झालं म्हणाले मी, म्हणून व्हय?” आईनं विचारलं.

“छे. काल तू तिच्या भाकरीला नकाशा म्हणालीस, त्याचं व्याज असणार,” मी म्हणाले.

माझा भाऊ गजू गालातल्या गालात हसला. बायको आणि आई यांच्यामध्ये बसलेला माणूस जेवढा हसू शकतो तेवढाच. मग मला जोर चढला. मी उठले, पदर कमरेला खोचला, ओठांचा चंबू केला, कस्तुरीसारखी नजर जमिनीला लावली आणि पाय उचलून जमिनीच्या लाकडी फळीवर असा आपटला की ताटातल्या वाट्या नाचल्या.

आई हसता हसता ठसकली. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हटल्यावर तेही हसले. आणि मजा म्हणजे, गोधडीवर आमच्याकडे पाठ करून पडलेल्या वैजूनं गर्रकन मान फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि बोळकं पसरून खिदळला.

“बघा! आत्याची नक्कल त्यालाबी कळली!” आई म्हणाली.

कस्तुरी आमटीचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. ती माझ्याकडे बघेल, डोळे भरतील, असं मला वाटलं. पण ती बघत होती वैजूकडे. पातेलं ठेवलं आणि आत गेली. या वेळी पाय न आपटता.

मला तेव्हा मी फार विनोदी आहे असं वाटायचं.

आता घराचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इचलकरंजीत आमचं घर म्हणजे खाली आठ यंत्रमाग आणि त्यावर लाकडी फळ्यांची माडी. माडीवर आम्ही. दिवसभर खाली मागांचे धोटे पळायचे आणि वर आमची जमीन थरथरायची. पाण्याचा तांब्या फडताळात ठेवला तर तासाभरात आपोआप कडेला यायचा. नव्या माणसाचं दोन मिनिटांत डोकं धरायचं. आमचं धरायचं नाही, कारण आमच्या डोक्यांपर्यंत आवाज पोचणंच बंद झालं होतं. आप्पांचे दोन्ही कान चाळीस वर्षांच्या मागांनी खाल्लेले. गजूचा डावा निम्मा. आई बोलायची ते आठ मागांच्या वरून, त्यामुळे तिनं देवाला मनातल्या मनात नमस्कार केला तरी शेजारी कळायचा. आमच्या घरात बहिरेपण हा आजार नव्हता, तो धंदा होता.

मागावर तर बोलणं नसतंच. तिथं खुणा. दोन मुठी जवळ आणून झटकन लांब केल्या की धागा तुटला. अंगठा वर हलवला की धोट्यातली सुताची कांडी संपली. ओठांना चिमूट लावली की चहा. आमचे आप्पा अर्धं आयुष्य असेच बोलले आणि त्यांचं कधी अडलं नाही.

अशा घरात वैजू जन्माला आला. आत्या म्हणून बारशाला कानात ‘कुर्रर’ करायचा मान माझा. मी वाकले, नाव सांगितलं, आणि जमलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. काही धपाट्यांत रिवाजापेक्षा जास्त जोर होता, ते मी ओळखलं. बाळ मात्र ढिम्म. डोळेसुद्धा उघडले नाहीत. “काय शांत लेकरू गं!” बायका म्हणाल्या. “मागाचं पोर हाय, त्याला आवाजाचं काय?” आई म्हणाली.

आत्याचा मान मला मिळाला तेव्हा मी माहेरीच होते, म्हणजे कायमचीच. सासरच्यांनी तीन वर्षांत मला परत पाठवलं होतं. मूल होत नाही, हे कारण. तपासणी माझ्या एकटीचीच झाली. नवऱ्याला तपासायचं म्हणजे त्याचा अपमान. एका दुपारी माझा सासरा मला सोडायला आला, चहा प्यायला आणि गेला. मी आणि माझी पिशवी तेवढ्या राहिलो. परत आलेल्या मुलीला घरात टिकायचं तर काहीतरी कामाचं व्हावं लागतं. स्वैपाक कस्तुरीकडे होता, हुकूम आईकडे होता. मग मी घरातलं विनोदी माणूस झाले.

वैजूनं लावलेल्या शोधांचा बोभाटा करणं हे आप्पांचं काम. त्याला स्वतःचा हात सापडला, त्या दिवशी आप्पा खाली धावत गेले आणि मागवाल्यांना खुणेनं बातमी दिली. वर बोट केलं, स्वतःची मूठ डोळ्यांपुढे धरली आणि तिच्याकडे डोळे फाडून बघितलं. मागवाल्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा हात यंत्रात गेला. आठही माग खटाखट बंद. आणि वर वैजू झोपेतून दचकून जागा!

“कान बघा पोराचे!” आप्पा वर येऊन म्हणाले. “माग थांबलेलं बरोब्बर कळतंय. पक्का मागवाला होणार.”

ते खरंच होतं. माग चालू असताना वैजू शेजारी ताट पडलं तरी झोपायचा, पण लाइट गेली, माग थांबले, की पटकन जागा. त्याच्या कानांबद्दल आमच्या घरात कुणाला शंका असायचं कारणच नव्हतं. ज्याला शांतता ऐकू येते त्याचे कान किती तिखट, असा आमचा हिशोब.

हातानंतर अंगठा सापडला, मग पायाचा अंगठा, मग तोच तोंडात जातो हा मोठा शोध. मग खिडकीतून येणाऱ्या उन्हात उडणारी कापसाची तूस. ती धरायला तो तासन्तास मुठी उघडायचा, मिटायचा. हाक मारली तरी बघायचा नाही. “ध्यान लागलंय,” आई म्हणायची. “पूर्वजन्मीचा कोणतरी साधू हाय.”

फोटो काढायला गेलो तेव्हा साधूनं कमाल केली. सगळं घर नटून स्टुडिओत. आईच्या नाकात ठेवणीतली नथ, जसा काही फोटो तिचाच काढायचाय. फोटोवाला बिचारा कॅमेऱ्यामागून खुळखुळा वाजवतोय, शीळ घालतोय, मांजराचा आवाज काढतोय. शेवटी तर तो भुंकला. वैजू भिंतीजवळच्या दिव्याकडे बघत बसलेला. आठही फोटोंत एक गाल आणि एक कान.

“राजाचा गुण हाय,” आई फोटोवाल्याला म्हणाली. “कुणाच्याबी शिटीवर बघत नसतोय.”

“काकू, राजे निदान कुत्र्याकडं तरी बघत असतील,” फोटोवाला घाम पुसत म्हणाला.

आम्ही हसलो. कस्तुरी हसली नाही. घरी येताना रिक्षात तिनं वैजूला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की मी म्हणाले, “अगं, फोटो वाईट आला म्हणून कुणी पोर परत घेत नाही.” आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं पाय आपटायला सुरुवात केली.

आईनं सुरुवातीला टोमणे मारले. मग शेजारणींना सांगितलं. मग देवापुढे रडली. सासूच्या डोक्यावर पाय आपटणारी सून तिच्या सात पिढ्यांत झाली नव्हती म्हणे. मी रोजचा आकडा पुरवत होतेच, नकलाही चालू होत्या. आग पेटवायला काडी लागते. आमच्या घरात मी काडेपेटीच होते. एका सकाळी आईनं मला जवळ बोलावलं.

“सुमे, गुरुवारी वाडीला जायचं. नरसोबाच्या वाडीला, सगळ्यांनी. निपाणीच्या पावण्यालाबी बलीवलंय तिथं.”

“कस्तुरीच्या वडिलांना? कशाला?”

“घिऊन जाऊ दे पोरगीला. ऱ्हाऊ दे चार-सा म्हैने. पाय जागेवर आले की आणू.”

“आणि वैजू?”

“वैजू हितंच. वरचं दूध घेतोयच की आता. तिला आत्ताच सांगू नकोस, न्हाईतर रडून गाव गोळा करंल. तेवढी तिची लुगडी एका पिशवीत भर आणि टेंपोत ठीव.”

“गजूला विचारलंस?”

“त्याला काय विचारायचं? त्यानं कधी काय सांगितलंय?”

मी पिशवी भरली. सहा साड्या, परकर, तिचा कंगवा. गाठ मारताना हात थोडे थबकले, कारण अशीच एक पिशवी मी ओळखत होते. पण मग वाटलं, मी काय करणार? आणि तसंही, पाय ती आपटते, मी नाही. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की किती पटकन जमतं!

गुरुवारी आमचा कापडाचे तागे वाहायचा टेंपो निघाला. गजू चालवायला, पुढे आप्पा. मागे लाकडी फळ्यांवर सतरंजी टाकून आई, मी, कस्तुरी आणि वैजू. सात महिन्यांचा झाला होता, बसायला लागला होता, रांगायची नुसती खटपट. टेंपो धडधडायला लागला तसा तो फळ्यांवरच आडवा झाला आणि झोपला. वाडीत पोचून गजूनं इंजिन बंद केलं आणि वैजूनं पटकन डोळे उघडले.

“कान बघा!” आप्पा पुढून वळून म्हणाले.

कस्तुरीचं लक्ष तेव्हा कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेलेलं होतं. तिच्याच लग्नातली, निळी, एक बंद तुटलेली. तिनं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कवठाच्या बर्फीचं दुकान शोधायला लागले.

देवळाजवळ तिचे वडील उभे होते. पांढरी टोपी, हातात नारळ, आणि चेहरा असा की लेकीनं कुणाचा खून केलाय आणि ते भरपाई द्यायला आलेत. नमस्कार झाले. दर्शन झालं. आई देवापुढे बराच वेळ हात जोडून उभी राहिली, देवाला आकडे सांगत असावी. मग आम्ही घाटावर आलो, दगडी पायऱ्यांच्या वर सावली बघून सतरंजी टाकली. वैजूला मध्ये बसवला. आईनं घसा साफ केला.

“तर पावणं,” ती म्हणाली, “बोलायचं म्हंजे असं—”

आणि तेवढ्यात देवळात आरती सुरू झाली. घंटा, झांजा, नगारा. शेजारच्या माणसाच्या मांडीवरचं पोर दचकून भोकाड पसरून रडलं. पारावरची कबुतरं उठली. वैजू दगडाच्या फटीतून चाललेल्या मुंग्यांच्या रांगेवर वाकला होता. मुंगी हा त्याचा नवा शोध. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मी बघत राहिले. इथं खाली माग नव्हते.

आरतीमुळे आईचं भाषण अडकलं, सगळे देवळाकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही वळलो तेव्हा वैजू सतरंजीवर नव्हता. मुंग्यांच्या मागे मागे, पोटावर सरकत, तो पायरीच्या कडेशी पोचला होता. खाली दुसरी पायरी, मग तिसरी, मग कृष्णेचं पाणी.

“वैजू!” आई किंचाळली. “ए वैज्या!” गजू ओरडला. मीही ओरडले. पुढे जायचं सुचेना, नुसत्या हाका. घाटावरचे सगळे लोक वळून आमच्याकडे बघायला लागले. सगळे. फक्त तो नाही.

कस्तुरीनं हाक मारली नाही. तिनं पाय आपटला. अनवाणी पाय, त्या काळ्या दगडावर, जीव खाऊन. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दगडानं आवाजही केला नाही. वैजू आणखी एक वीत पुढे सरकला. मग ती धावली, गुडघ्यांवर पडली आणि त्याची लंगोटी धरून त्याला मागे खेचलं.

“बघा!” आई ओरडली, भीतीनं आणि रागानं. “बघा पावणं, देवाच्या दारातसुदिक पाय आपटती! पोर पाण्यात चाललंय आणि हिचं आपलं तेच!”

कस्तुरीच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली.

मी कस्तुरीकडे गेले. ती पायरीवर तशीच बसली होती, वैजू मांडीवर, तिच्या उजव्या पायाचा अंगठा ठेचकाळून रक्त येत होतं. मी शेजारी बसले. वैजूच्या मागे हात नेला आणि त्याच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. तो कस्तुरीच्या मंगळसूत्रातली वाटी चोखत राहिला.

“कधीपासून माहिती आहे तुला?” मी विचारलं.

“तिसऱ्या म्हैन्यापासनं वाटायलं होतं. फोटोच्या दिवशी खात्री पटली.”

“मग तो माग थांबल्यावर जागा होतो ते?”

“फळ्या हलायच्या थांबत्यात, वन्सं. त्याला अंगाला कळतंय. कानाला न्हवं.”

“आणि तू पाय—”

“मग काय करू?” ती पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. “हाक मारायला नको व्हय त्याला? पाठमोरा असला आणि एकदम उचलला की घाबरून काळानिळा होतोय. फळीवर पाय आपटला की वळून बघतोय. हसतोय. त्याला एवढी एकच हाक कळती.”

मला माझी नक्कल आठवली. गर्रकन वळलेली ती मान. आयुष्यात पहिल्यांदा आत्यानं मारलेली हाक त्याला पोचली होती, आणि ती मी त्याच्या आईची टिंगल म्हणून मारली होती. नदीत उडी मारावी असं वाटलं. खरंच सांगते.

“सांगितलं का नाहीस, बाई?”

“तुमचं काय झालं ते मी बघिटलंय की,” ती म्हणाली. अगदी हळू, वाईट वाटू नये अशा आवाजात. “खोट बाईमाणसातच धरत्यात. तुम्हाला पिशवी घिऊन सोडलं. मलाबी सोडलं असतं. सांगितलं न्हाई, तर बी सोडायलेतच की.” तिनं नाक पुसलं. “मी जाते, वन्सं. पण माझ्या मागं पाय तेवढा आपटत चला. न्हाईतर त्याला कोणच हाक मारणार न्हाई.”

वर आई आम्हाला बोलावत होती. “चला! ऊन झालं. पावण्यांची यष्टी चुकंल!”

टेंपोजवळ सगळे उभे. कस्तुरीच्या वडिलांनी फळकुटावरून हात घालून निळी पिशवी ओढली. गजू चाकाला हवा आहे का बघत होता, सकाळपासून चौथ्यांदा. आईनं कस्तुरीच्या कडेवरून वैजूला घेतलं आणि टेंपोत चढली, फळ्यांवर त्याला बसवलं. तिथं ताग्यांची एक दोरी लोंबत होती. वैजूनं ती धरली आणि तिची गाठ उलगडायच्या उद्योगाला लागला. आमच्याकडे पाठ.

“काका, थांबा,” मी म्हणाले. “पिशवी राहू द्या जरा. आई, त्याला हाक मार.”

“काय?”

“वैजूला हाक मार. एवढंच.”

“आता काय ह्यो नवा चाळा? सुमे, हसायची येळ न्हाई ही.”

“मी हसत नाही. मार हाक.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा चेहरा तिनं असा कधी बघितला नसावा. “वैजू,” ती म्हणाली. मग, “वैजूss!” आमच्या आईची हाक ती. पलीकडचा पेढेवाला तराजू सोडून वळला. रस्त्यातल्या म्हशीनं मान वर केली. वैजू दोरी चावत होता.

“खेळायलाय त्यो.”

“परत मार.”

तिनं परत मारली. पाठीमागे, त्याच्या कानापासून हातभर अंतरावरून. तिचा आवाज फाटला. गजू चाकाजवळून उठून उभा राहिला होता.

मी टेंपोत चढले. पदर खोचला नाही, ओठांचा चंबू केला नाही. पाय उचलला आणि फळीवर आपटला. धप्प.

वैजूनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं आणि हसला.

“ती सासूवर पाय आपटत नव्हती, आई,” मी म्हणाले. “ती पोराला हाक मारत होती. आणि मी आकडे मोजत होते.”

आप्पांना यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण त्यांनी सगळं बघितलं होतं, आणि बघून समजणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. त्यांनी कस्तुरीकडे बघितलं. एक बोट आपल्या कानाला लावलं. मग दोन मुठी जवळ आणल्या आणि लांब केल्या. तुटलाय?

कस्तुरीनं मान डोलावली. तिला त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच नीट काही विचारलं होतं.

आई टेंपोतच कड धरून उभी होती. तिचे गुडघे दुखायचे, पाय उचलणं जड जायचं. तिनं कड आणखी घट्ट धरली, पाय कसाबसा वीतभर उचलला आणि खाली टाकला. आपटला म्हणता येणार नाही. फळी जराशी वाजली.

वैजू वळला. आजीकडे बघितलं. दोरी सोडून दिली आणि दोन्ही हात पसरले.

“बघिटलं,” आई म्हणाली. “माज्याकडं बघिटलं त्यानं.” आणि मटकन खाली बसली. सात महिन्यांच्या सगळ्या हाका तिच्या तोंडावर परत आल्यासारख्या. तिनं त्याला कुशीत ओढला आणि रडत रडतच कस्तुरीवर ओरडली, “आणि तू गं भवाने? सांगायचं न्हाईस व्हय? एकटीच आपटत फिरलीस ती! चढ वर! अंगठ्याला रगत किती आलंय बघ, चिंधी बांध त्याला!”

मग तिला कस्तुरीचे वडील आठवले. “पावणं,” ती डोळे पुसत म्हणाली, “ती पिशवी ठेवा वर. पोरगी काय येत न्हाई तुमच्यासंगं.”

त्या माणसानं पिशवी अशी पटकन वर ठेवली की कुणी विचार बदलेल याची भीती असावी. मग आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. बर्फी मात्र राहिलीच.

मिरजेच्या डॉक्टरांनी पुढं यंत्रं लावून तेच सांगितलं जे कस्तुरीनं एका टाचेनं शोधलं होतं. कानाचं मशीन आलं, शाळा झाली, त्याचे सगळे कष्ट कस्तुरीनं उपसले. पण खुणांनी बोलायला त्याला पहिल्यांदा शिकवलं आप्पांनी, मागावर बसवून. चहाची खूण तो दीड वर्षाचा असताना करायचा. चहा द्यायचं कुणी नाही, तरी करायचा.

आज वैजू तिशीचा आहे. आठाचे बारा माग झालेत. कुठला माग बिघडलाय ते तो भिंतीला हात लावून सांगतो, कानवाले मिस्त्री नंतर येऊन तेच सांगतात आणि मजुरी घेऊन जातात.

मध्ये दहाएक वर्षांमागे गजूला घर नवं करायची हुक्की आली. इंजिनिअर आणला, नकाशा काढला. फळ्या काढून सिमेंटचा स्लॅब, वर चकाचक फरशी. आवाज येणार नाही, हादरे येणार नाहीत, तांब्या जागेवर राहील. आम्ही सगळे नकाशावर वाकून माना डोलावत होतो. आई तेव्हा पंचाहत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले, खोलीच्या मध्यावर पाय पसरून बसलेली. तिनं काठी उचलली आणि फळीवर दोनदा ठोकली. खिडकीशी पाठमोरा बसलेला वैजू वळला आणि काय, म्हणून मान उडवली. काही नाही, म्हणून तिनं हात हलवला. मग गजूकडे बघितलं.

“स्लॅब टाक की,” ती म्हणाली. “आणि मग ह्येला मी हाक कशी मारू?”

इंजिनिअरला चहा देऊन परत पाठवला.